सणांची टपाल तिकिटे अमेरिकेत कशी ठरतात?

गेली वीसेक वर्षे अमेरिकेतील टपाल तिकिटांबद्दलचे काही संदेश आधी ईमेलमधून आणि नंतर फोनवरून पुन्हा पुन्हा फिरत आले आहेत. एका संदेशात म्हटलेले असते की, मेरी आणि बाळ येशू यांचे चित्र असलेली नाताळची तिकिटे टपाल खात्याने गुपचूप बंद केली. दुसऱ्यात म्हटलेले असते की, राष्ट्राध्यक्षांनी आदेश देऊन ईदचे तिकीट छापायला लावले, म्हणून त्यावर बहिष्कार टाका. तिसऱ्या प्रकारचे संदेश आपल्याला सुखावणारे असतात: अमेरिकेने गणपतीचे, कृष्णाचे, लक्ष्मीचे तिकीट काढले, अभिमानाने पुढे पाठवा.

संदेश कटुतेचा असो वा अभिमानाचा, त्यामागचे गृहीतक एकच असते. तिकिटावर जे चित्र आले ते सत्तेवर बसलेल्या कोणीतरी ठरवले आणि लगेच छापून घेतले, असे वाचणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात अमेरिकेत सणाचे तिकीट निघायला काही वर्षे लागतात, ते एका समितीच्या हातून जाते, आणि त्यावरचे चित्र, किंमत व छापण्याचे वर्ष यांची कारणे वेगवेगळी असतात. ही कारणे एकमेकांत मिसळली की अफवेला जागा मिळते. त्यामुळे सुरुवात प्रक्रियेपासूनच करायला हवी.

निवड करते कोण?

अमेरिकेचे टपाल खाते, म्हणजे युनायटेड स्टेट्स पोस्टल सर्व्हिस, १९७१ पासून स्वायत्त सरकारी संस्था आहे. त्याआधी ते मंत्रिमंडळाचा भाग असलेले खाते होते. आता त्याचा रोजचा खर्च साधारणपणे करदात्यांच्या पैशातून होत नाही, तर तिकिटे आणि टपाल सेवा विकून येणाऱ्या उत्पन्नातून होतो. खात्याच्या प्रमुखाला पोस्टमास्टर जनरल म्हणतात.

तिकिटांचे विषय सुचवण्यासाठी १९५७ मध्ये नागरिकांची एक सल्लागार समिती नेमण्यात आली आणि ती आजही काम करते. इतिहास, कला, शिक्षण, विज्ञान, क्रीडा, लोकसंस्कृती अशा क्षेत्रांतील माणसे तिच्यावर असतात आणि त्यांची नेमणूक पोस्टमास्टर जनरल करतात. समितीची बैठक वर्षातून चार वेळा होते. देशभरातून दरवर्षी हजारो सूचना येतात आणि त्यातून साधारण २५ ते ३० विषय निवडले जातात. समिती शिफारस करते, अंतिम निर्णय पोस्टमास्टर जनरल घेतात. चित्र मात्र सूचना पाठवणाऱ्याचे घेतले जात नाही. खात्याचे कला दिग्दर्शक चित्रकाराची किंवा छायाचित्रकाराची निवड करून ते तयार करून घेतात.

सूचना कोणीही पाठवू शकतो. ती लेखी असावी लागते आणि तिकीट ज्या वर्षी हवे त्याच्या किमान तीन वर्षे आधी पोहोचावी लागते. ही तीन वर्षांची अट लक्षात ठेवावी, कारण पुढच्या अनेक अफवा तिच्यापुढे टिकत नाहीत. समितीच्या बैठका बंद दाराआड होतात आणि तिथली चर्चा जाहीर केली जात नाही. मला ही त्रुटी वाटते. कोणता विषय का घेतला आणि कोणता का नाकारला हे लोकांना कळत नाही आणि ती रिकामी जागा मग कोणीही हवी तशी भरून काढतो.

काँग्रेसचा हात कुठपर्यंत?

काँग्रेसचे, म्हणजे अमेरिकी संसदेचे, सदस्य एखाद्या तिकिटासाठी ठराव मांडू शकतात, पत्रे लिहू शकतात, सह्या गोळा करू शकतात. अशा ठरावाने दबाव येतो, पण तो टपाल खात्यावर बंधनकारक नसतो. काँग्रेसला एखादे तिकीट खरोखर सक्तीने काढायचे असेल तर कायदा करावा लागतो आणि तसे घडलेले आहे. स्तनाच्या कर्करोगावरील संशोधनासाठी निधी उभारणारे १९९८ चे तिकीट कायद्याने निघाले होते. सणांची तिकिटे या मार्गाने आलेली नाहीत. ती समितीच्या नेहमीच्या वाटेनेच आली आहेत.

नाताळचे पहिले तिकीट

अमेरिकेने नाताळचे पहिले तिकीट १ नोव्हेंबर १९६२ रोजी काढले. चार सेंटांचे, लाल-हिरव्या रंगाचे, पानांचे तोरण, दोन मेणबत्त्या आणि ‘नाताळ १९६२’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द, एवढेच त्यावर होते. मागणी मोठी असणार हे ओळखून खात्याने ३५ कोटी प्रती छापायला सांगितल्या. खास प्रसंगाच्या तिकिटासाठी तोवर एवढी छपाई कधी झाली नव्हती. तरीही तो साठा भराभर संपला आणि छापखान्याला रात्रंदिवस काम करावे लागले. वर्ष संपेपर्यंत १०० कोटी तिकिटे छापून वाटली गेली होती.

सणांची तिकिटे का निघतात या प्रश्नाचे अर्धे उत्तर या आकड्यात आहे. नाताळात लोक लाखोंनी शुभेच्छापत्रे पाठवतात, प्रत्येक पाकिटाला तिकीट लागते आणि प्रसंगाला साजेसे तिकीट मिळाले तर लोक ते आवर्जून घेतात. म्हणूनच सणाची तिकिटे नेहमीच्या स्मरणार्थ तिकिटांपेक्षा जास्त संख्येने छापली जातात आणि जास्त काळ विक्रीत राहतात.

सुरुवातीच्या वर्षांत खात्याने धार्मिक चित्र टाळले होते. १९६३ मध्ये व्हाइट हाउससमोरचा नाताळवृक्ष आला, १९६४ मध्ये सणाच्या सजावटीत वापरली जाणारी चार झाडे-फुले आली, १९६५ मध्ये तुतारी फुंकणारा देवदूत आला. १९६६ मध्ये मात्र हान्स मेमलिंग या पंधराव्या शतकातील चित्रकाराचे मेरी आणि बाळ येशूचे चित्र तिकिटावर घेण्यात आले. मूळ चित्र वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्यावरून वाद झाला. चर्च आणि शासन वेगळे राहावेत यासाठी काम करणाऱ्या एका संघटनेने न्यायालयात दावाही केला. तिकिटे थांबली नाहीत. उलट १९६७ मध्ये तेच चित्र मोठ्या आकारात पुन्हा छापले गेले.

सरकारने धर्माचे चित्र छापावे का?

हा आक्षेप गंभीर आहे आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेतील पहिली दुरुस्ती सरकारला कोणताही धर्म प्रस्थापित करण्यास मनाई करते. मग सरकारी संस्थेने मेरीचे चित्र असलेले तिकीट काढणे कसे चालते?

टपाल खात्याने यावर जी वाट काढली ती दोन पायांवर उभी आहे. पहिला पाय कलेचा: धार्मिक चित्र म्हणून जे येते ते बहुधा जुन्या थोर चित्रकाराचे, संग्रहालयातले काम असते. दुसरा पाय निवडीचा: १९७० पासून खाते दोन प्रवाह शेजारी शेजारी चालवत आले आहे. त्या वर्षी एका तिकिटावर लोरेन्झो लोट्टोचे येशूजन्माचे चित्र होते आणि दुसऱ्या तिकिटांवर जुनी खेळणी होती. एका प्रवाहाला खाते पारंपरिक म्हणते, दुसऱ्याला आधुनिक. खिडकीवर जाणारा माणूस हवे ते मागतो आणि धार्मिक तिकीट घेण्याची सक्ती कोणावरही होत नाही.

ही वाट पूर्ण निर्दोष आहे असे मला वाटत नाही. बाळाला मांडीवर घेतलेल्या मेरीचे चित्र श्रद्धावंतासाठी केवळ कलेचा नमुना नसते, हे निवडणाऱ्यांनाही ठाऊक असते. पण एकाच धर्मापाशी न थांबता इतर समाजांच्या सणांनाही जागा देत गेल्यामुळे ही भूमिका हळूहळू अधिक न्याय्य झाली, हेही खरे आहे.

याच संदर्भात समितीचा एक नियम महत्त्वाचा आहे. धार्मिक संस्थांच्या किंवा ज्यांचे मुख्य कार्य धर्माशी निगडित आहे अशा व्यक्तींच्या सन्मानार्थ तिकीट काढायचे नाही, असे तो सांगतो. सप्टेंबर २०१० मध्ये मदर तेरेसांचे तिकीट निघाले तेव्हा याच नियमावर बोट ठेवून हरकत घेतली गेली. त्यांचा सन्मान गोरगरिबांच्या आणि आजाऱ्यांच्या सेवेसाठी आहे, पंथासाठी नाही, अशी खात्याची बाजू होती. सेवा आणि श्रद्धा जिथे एकाच आयुष्यात विणलेल्या असतात तिथे अशी रेषा ओढणे अवघडच आहे. सणाचे तिकीट या नियमात अडकत नाही, कारण ते लोक जो दिवस साजरा करतात त्याचे असते. संस्थेचे किंवा धर्मगुरूचे नसते.

‘मेरीची तिकिटे बंद झाली’ हे कुठून आले?

या अफवेच्या मुळाशी एक खरी घटना आहे. नोव्हेंबर १९९४ मध्ये सल्लागार समितीच्या शिफारशीनुसार पुढच्या नाताळला मेरीच्या चित्राऐवजी व्हिक्टोरियन काळातल्या धर्तीचा देवदूत छापायचे ठरल्याची बातमी बाहेर आली. देशभरातून निषेध उमटला आणि तेव्हाचे पोस्टमास्टर जनरल मार्विन रनियन यांनी तो निर्णय फिरवला. १९९५ मध्ये जोत्तोचे मेरी आणि बाळ येशूचे चित्र तिकिटावर आले. म्हणजे ही मालिका संपण्याच्या बेतात होती, पण संपली नाही. बातमीचा पहिला भाग लोकांच्या लक्षात राहिला आणि दुसरा विरून गेला.

अफवा पुन्हा पुन्हा जिवंत होण्यामागे दुसरे, अगदी व्यवहारी कारणही आहे. २००७ मध्ये खात्याने ‘फॉरेव्हर’ तिकीट आणले. या तिकिटावर किंमत छापलेली नसते. ते विकत घेतले की टपालाचा दर पुढे कितीही वाढला तरी साध्या पत्राला तेच चालते. २०११ पासून सणांची तिकिटेही याच प्रकारात निघू लागली. किंमत छापलेली नसल्यामुळे गेल्या वर्षीचा साठा यंदाही विकता येतो, त्यामुळे प्रत्येक वर्षी नवे धार्मिक चित्र काढण्याची गरज उरली नाही. ज्या वर्षी नवे चित्र येत नाही, त्या वर्षी नव्या तिकिटांच्या यादीत मेरी दिसत नाही आणि यादीच वाचणाऱ्याला तिकीट बंद झाल्यासारखे वाटते. आधीचे तिकीट तेव्हा खिडकीवर मिळत असते. २०२० मध्ये पेरूमधील कुस्को येथील चित्रपरंपरेतले गुआपुलोच्या मेरीचे चित्र तिकिटावर आले, यावरूनच मालिका चालू असल्याचे दिसते.

हनुक्का, क्वांझा आणि ईद

नाताळाबाहेरच्या सणांसाठी दार उघडायला तीन दशकांहून अधिक काळ गेला. ज्यूंच्या हनुक्काचे पहिले तिकीट २२ ऑक्टोबर १९९६ रोजी इस्रायलसोबत संयुक्तपणे निघाले. बरोबर एका वर्षाने, २२ ऑक्टोबर १९९७ रोजी, क्वांझाचे तिकीट आले. क्वांझा हा १९६६ मध्ये सुरू झालेला आफ्रिकी अमेरिकी समाजाचा उत्सव आहे आणि तो धार्मिक नाही. संदेशांमध्ये त्याला सर्रास धर्माच्या खात्यात टाकले जाते.

ईदचे तिकीट १ सप्टेंबर २००१ रोजी इलिनॉय राज्यात, उत्तर अमेरिकेतील मुस्लिमांच्या वार्षिक अधिवेशनात प्रकाशित झाले. ३४ सेंटांच्या या तिकिटाच्या साडेसात कोटी प्रती छापल्या होत्या आणि ते रमजान ईद व बकरी ईद या दोन्हींसाठी होते. गडद निळ्या पार्श्वभूमीवर सोनेरी अरबी अक्षरांत ‘ईद मुबारक’ लिहिलेले, खाली इंग्रजीत शुभेच्छा.

ही अक्षरे काढणारे मोहम्मद झकेरिया हे व्हर्जिनियातील अमेरिकी सुलेखनकार. त्यांनी हे काम पूर्ण पारंपरिक पद्धतीने केले. थुलुथ नावाचे अक्षरवळण निवडले, काळी शाई घरी तयार केली, बोरू आणि बांबूच्या लेखण्या तासून घेतल्या. कागदावर आधी खळ आणि मग तुरटी व अंड्याच्या पांढऱ्याचा लेप तीनदा दिला, अकीक दगडाने तो घोटला आणि वर्षाहून अधिक काळ मुरू दिला. त्या कागदावर काढलेल्या काळ्या अक्षरांना सोनेरी-निळा रंग नंतर संगणकावर दिला गेला. हे तिकीट हातात घेऊन पाहिले की त्यामागे किती धीर आहे हे जाणवते आणि ज्यांनी ते न पाहताच त्याचा द्वेष केला त्यांच्याबद्दल वाईट वाटते.

कारण प्रकाशनानंतर दहाच दिवसांनी ११ सप्टेंबरचे हल्ले झाले. त्यानंतर पसरलेल्या ईमेलमध्ये लेबनॉनमधील मरीन सैनिकांच्या छावणीवरचा हल्ला, पॅन अॅम विमानाचा स्फोट, १९९३ चा वर्ल्ड ट्रेड सेंटरचा स्फोट, यूएसएस कोल जहाजावरचा हल्ला अशी यादी देऊन, एवढे होऊनही टपाल खाते मुस्लिम सणाचा गौरव करते असा सूर लावलेला होता आणि पोस्टात जाऊन या तिकिटावर उघडपणे बहिष्कार टाकायला सांगितलेले होते. वाचणाऱ्याला वाटावे की तिकीट हल्ल्यांनंतर काढले गेले. प्रत्यक्षात ते आधीच विक्रीला आलेले होते आणि तीन वर्षांची अट पाहिली तर त्याचा विचार त्याच्याही बराच आधी सुरू झालेला असणार. खात्याने ते मागे घेतले नाही. २००२ मध्ये ते नव्या दराने पुन्हा छापले गेले.

मग ओबामांचे नाव त्यात कसे आले?

२००९ मध्ये तोच मजकूर थोडा बदलून परत आला. आता त्यात राष्ट्राध्यक्ष ओबामांनी टपाल खात्याला ईदचे तिकीट काढण्याचा आदेश दिल्याचे लिहिले होते. तिकीट पहिल्यांदा आले तेव्हा राष्ट्राध्यक्ष होते जॉर्ज बुश आणि ओबामा तेव्हा इलिनॉयच्या राज्य विधिमंडळाचे सदस्य होते. तरीही अनेकांना हा संदेश पटला, कारण २००९ मध्ये ईदचे तिकीट खरोखरच ‘नव्याने’ निघाले होते.

ते का निघाले हे टपालाच्या दरांकडे पाहिले की लगेच कळते. साध्या पत्राचा दर २००१ मध्ये ३४ सेंट होता. तो २००२ मध्ये ३७, २००६ मध्ये ३९, २००७ मध्ये ४१, २००८ मध्ये ४२ आणि मे २००९ मध्ये ४४ सेंट झाला. ईदचे तिकीट ३४, ३७, ३९, ४१, ४२ आणि ४४ सेंटांत निघाले. दर वाढला की जुन्या किमतीचे तिकीट एकट्याने पुरत नाही, म्हणून तेच चित्र नव्या आकड्यासह छापावे लागते. बसचे भाडे वाढले की वाहकाकडे नव्या दराची तिकिटे येतात, त्यावरून बसचा नवा मार्ग सुरू झाला असे कोणी म्हणत नाही. इथे तेच घडले होते. २००९ मध्ये हनुक्का आणि क्वांझाची तिकिटेही ४४ सेंटांची निघाली, पण त्यांच्याविषयी कोणी आदेशाची कथा रचली नाही.

तिकिटामुळे धर्माला सरकारी मान्यता मिळते का?

ईदच्या तिकिटाला विरोध करणारे सगळेच द्वेषाने बोलत नव्हते. काहींचा प्रश्न असा होता की, तिकीट म्हणजे राष्ट्राची मोहर असेल तर ती कोणत्या सणावर उमटते याला अर्थ असणारच. तो अर्थ आहेच, म्हणून तर समाज त्यासाठी वर्षानुवर्षे झटतात. मात्र तो अर्थ एवढाच आहे की, हा सण साजरा करणारे लोक या देशाचे नागरिक आहेत आणि तेही पत्रे पाठवतात. धर्ममतावर त्यातून कोणताही शिक्का बसत नाही. मेरीचे तिकीट वापरणाऱ्या कोणालाही आपण ख्रिस्ती मत मान्य केल्याची सही करावी लागत नाही, मग ईदच्या तिकिटाला वेगळा न्याय का लावावा?

दिवाळीचे तिकीट आणि देवांची तिकिटे

दिवाळीचे तिकीट ५ ऑक्टोबर २०१६ रोजी न्यूयॉर्कच्या भारतीय वाणिज्य दूतावासात प्रकाशित झाले. सोनेरी, चमचमत्या पार्श्वभूमीवर पेटलेली पणती असे ते ‘फॉरेव्हर’ तिकीट आहे. छायाचित्र सॅली अँडरसन-ब्रूस यांचे. त्यासाठी रंजू बत्रा आणि भारतीय अमेरिकी समाजातील अनेकांनी वर्षानुवर्षे पत्रे आणि सह्या गोळा केल्या, न्यूयॉर्कच्या खासदार कॅरोलिन मॅलोनी यांनी काँग्रेसमध्ये ठराव मांडले. ठराव बंधनकारक नसतात हे वर आलेच आहे. त्यांचे वजन असते ते मागणी किती लोकांची आणि किती चिकाटीची आहे हे दाखवण्यात. हनुक्काला वीस वर्षे आणि ईदला पंधरा वर्षे झाल्यावर दिवाळीचा क्रमांक लागला. मला हा उशीर खटकतो, पण त्यामागे कट शोधण्याचे कारण नाही. समितीपुढे पडणाऱ्या सूचनांचा ढीगच तेवढा मोठा असतो.

गोंधळ झाला तो त्याआधी. २०१२ च्या सुमारास अमेरिकेने कृष्ण, गणेश, लक्ष्मी, वेंकटेश्वर यांची तिकिटे काढल्याच्या बातम्या भारतात झळकल्या. ती तिकिटे समितीने निवडलेली नव्हती. २००४ मध्ये टपाल खात्याने काही खाजगी कंपन्यांना ग्राहकाने दिलेले चित्र छापून टपाल तिकिटासारखी चालणारी चिकट लेबले विकायची मुभा दिली होती. लग्नाचा फोटो, बाळाचा फोटो, कंपनीचे चिन्ह, काहीही त्यावर चाले. देवतांची चित्रे अशाच एका खाजगी विक्रेत्याने छापली होती. पाकिटावर ती चालत, पण राष्ट्राने निवडलेला विषय असा त्यांना दर्जा नव्हता. पुढे २०१८ मध्ये अशा खाजगी चित्रांवर धार्मिक आणि राजकीय मजकूर छापण्यास खात्याने मनाई केली आणि जून २०२० मध्ये ही योजनाच बंद केली. त्यामुळे आज एखाद्या देवतेच्या ‘अमेरिकी तिकिटाचे’ चित्र फोनवर आले तर ते अशा जुन्या लेबलाचे असण्याचीच शक्यता जास्त.

खरे तिकीट ओळखायचे असेल तर

टपाल खाते प्रत्येक नव्या तिकिटाची घोषणा स्वतः करते आणि तिच्यात प्रकाशनाची तारीख, ठिकाण, चित्रकार व कला दिग्दर्शक यांची नावे असतात. संदेशात यातले काहीही नसेल आणि फक्त नेत्याचे नाव व पुढे पाठवण्याची विनंती असेल, तर थांबावे. संदेशात तिकिटाचे चित्र असेल आणि त्यावर दर छापलेला असेल तर तो पाहावा, कारण ईदच्या तिकिटावरचा ४४ हा आकडा एवढे सांगायला पुरेसा होता की ते त्या वर्षीच्या दरवाढीमुळे आले आहे.

आणि एखाद्या सणाचे तिकीट निघावे असे मनापासून वाटत असेल तर इंटरनेटवरची याचिका पुढे पाठवून समितीपर्यंत काही पोहोचत नाही. विषय काय, तो अमेरिकी जीवनाशी कसा जोडलेला आहे आणि तो किती व्यापक लोकांना जवळचा वाटेल, हे सांगणारे पत्र समितीच्या नावे वॉशिंग्टनला टपालाने पाठवावे लागते. तिकीट २०३० मध्ये हवे असेल तर ते पत्र २०२७ च्या आत तिथे पोहोचलेले असावे लागते.